डग्ग्याचे काम डग्ग्याला
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी मला 'तंत्रज्ञान आणि आपण' असा भारदस्त विषय दिला आहे. पण आपल्या ग्रुपवर मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न साधा आहे: "होम थिएटर घेतलं, त्या मोठ्या डब्याचा क्रॉसओव्हर कितीवर ठेवू?" आज त्याचेच उत्तर देते. मी सॉफ्टवेअरमधली, पण हा विषय शाळेतल्या ध्वनीच्या धड्यापलीकडे फारसा जात नाही.

तबल्याची जोडी आठवा. उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला डग्गा. घुमारा डग्ग्याचा, तो तबल्याकडून निघणार नाही. तसेच लहान स्पीकरचे आहे. खालच्या सुरांसाठी भरपूर हवा हलवावी लागते, ते त्याला झेपत नाही. म्हणून सबवूफर. क्रॉसओव्हर म्हणजे दोघांमधली कामाची वाटणी: या आकड्याखालचे डब्याकडे, वरचे स्पीकरकडे. मात्र ही भिंत नाही, उतार आहे. सीमेच्या आसपास दोघेही वाजतात.

आता आकडा. बहुतेक घरांत 80 हर्ट्झपासून सुरुवात करा. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 345 मीटर जातो, म्हणजे 80 हर्ट्झची तरंगलांबी चार मीटरांहून जास्त. तिच्यापुढे आपले डोके लहान, त्यामुळे आवाज कुठल्या दिशेने आला हे कानांना उमगत नाही. डबा सोफ्यामागे असला तरी चालतो. हाच आकडा 150 केला तर? पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण 85 ते 180 हर्ट्झमध्ये असतो. मग नट पडद्यावर आणि त्याचा आवाज कोपऱ्यातून, अशी गंमत होते.

स्पीकरच्या कागदावर '60 हर्ट्झपासून' लिहिले असेल तर 80 ठीक. मुठीएवढे स्पीकर असतील आणि ते 120 पासूनच वाजत असतील, तर 120 ते 150 ठेवावेच लागेल; तेव्हा डबा टीव्हीजवळच ठेवा. अॅम्प्लिफायरमध्ये स्पीकर 'स्मॉल' निवडा. अॅम्प्लिफायरवर आणि डब्यावर, दोन्हीकडे क्रॉसओव्हर असेल तर काम एकालाच द्या: डब्यावरचे बटण सर्वांत वरच्या आकड्यावर किंवा 'एलएफई'वर. फेजचे बटण 0 आणि 180 करून पाहा. बसायच्या जागी आवाज जिथे भरीव वाटेल ते ठेवा.

खोलीही वाजते. 12 फूट लांब खोलीत 47 हर्ट्झच्या आसपासचा सूर विनाकारण फुगतो. डबा कोपऱ्यात गेला की आणखी. त्यावर बिनखर्चाचा उपाय: डबा तात्पुरता आपल्या खुर्चीवर ठेवा, डग्गा असलेले गाणे लावा आणि भिंतीकडेने वाकून ऐकत फिरा. जिथे सगळे ठोके सारखे ऐकू येतील, ती डब्याची जागा.

पण ऐकणार कोण, हे आधी ठरवा. माझी आई म्हणते, "आवाज तर मोठा येते, पण बोलते काय तेच समजत नाही." वयाबरोबर आधी वरचे सूर कमी ऐकू येतात, आणि स, श, फ ही अक्षरे तिथेच राहतात. त्यावर खालचा घुमारा वाढला की उरलेसुरलेही झाकले जाते. अशा वेळी आवाज वाढवू नका, डब्याची पातळी उतरवा. घरात म्हातारी माणसे असतील तर आज रात्रीच करून पाहा.

आपण झाडीपट्टीची माणसे. मंडईपासून सुरू होणारी, शेजारच्या वडशाहून गावोगाव जाणारी नाटके इथे रात्रभर चालतात. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीच्या सेवेसाठी. थंडीत शाल पांघरून मागे बसलेल्या माणसालाही शब्द कळला पाहिजे, ही आपल्याकडची जुनी अट. घरच्या नाटकालाही तीच लावू या.

शेवटी शेजारी. खालचे सूर भिंतींना जुमानत नाहीत. तुम्हाला सिनेमा, पलीकडे नुसती धडधड. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल मर्यादा आहे. नियम राहू द्या; फेब्रुवारी-मार्चमध्ये भिंतीपलीकडे कोणाची तरी दहावी-बारावी असते. दहानंतर डबा बंद, स्पीकर चालू. सिनेमाचे फार बिघडत नाही.

ज्यांनी आपल्या सेटचा कागद किंवा फोटो आणला असेल त्यांनी जेवणानंतर भेटा. मी मागच्या बाकावर सापडेन.