रोजची दिवाबत्ती
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



देऊळ नवे झाले. पण रोजची झाडलोट, दिवाबत्ती चुकली तर नव्या चिऱ्यांवरही शेवाळ चढेल. शरीराचेही तसेच. स्वामी कुवलयानंद नर्मदाकाठी माधवदासजींकडे योग शिकले, क्ष-किरणांनी त्याची पारख केली आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. पतंजलींनी अभ्यासाला तीन अटी घातल्या : दीर्घ काळ, अखंड आणि आदराने. कचेरीत वाकून लिहिता लिहिता माझी कंबर धरली, तेव्हा मी आसने धरली. गणपतीच्या धामधुमीत दोनदा सोडली. दोन्ही वेळा कंबरेने जाब विचारला. म्हणून विनंती, या सभामंडपात रोज पहाटे अर्धा तास चटई अंथरू या. झाडू घेऊन पहिला मी येईन.