सूर्यावर ढकलून चालणार नाही

उन्हाळा तापला की फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतो: "हवामान आधीपासून बदलतंय, हिमयुगं काय माणसाने आणली होती?" खाली चार काका अंगठा दाखवून जातात. प्रश्न वाईट नाहीये. वाईट हे, की तो विचारून लोक थांबतात. निसर्गच करतोय म्हटलं की आपण काही करायची गरजच उरत नाही ना!

आमच्या धंद्यात सिस्टिम पडली की कोणीतरी म्हणतंच, नेटवर्कचा घोळ असेल. असेल बाबा, पण मग लॉग दाखव. इथेही तेच करू. प्रत्येक संशयिताचा माग वेगळा असतो.

आधी सूर्य. 1978 पासून उपग्रह त्याची ऊर्जा मोजतायत. ती साधारण 11 वर्षांच्या चक्रात थोडी वरखाली होते, पण वाढत चाललेली नाही. शिवाय सूर्य जास्त तापवत असता, तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा, म्हणजे स्ट्रॅटोस्फिअर, थंड होतोय. कार्बन डायऑक्साइड वाढला की असंच होईल, हे मानाबे आणि वेदरल्ड यांनी 1967 मध्येच गणिताने दाखवलं होतं. मानाबेंना 2021 चं फिजिक्सचं नोबेल मिळालं.

हिमयुगं? ती पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि आसाच्या कलातल्या बदलांमुळे येतात-जातात, पण त्याला हजारो वर्षं लागतात. आपण दीडशे वर्षांत एक अंशाच्या वर गेलोय.

ज्वालामुखी मात्र तगडा संशयित आहे. आपला सह्याद्री सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचाच बनलाय, तेव्हा त्याची ताकद आपल्याला कोणी सांगायला नको. पण आजचे सगळे ज्वालामुखी मिळून माणसाच्या एक टक्काही कार्बन डायऑक्साइड सोडत नाहीत. आणि 1991 मध्ये पिनातुबो फुटला, तेव्हा जग वर्ष-दोन वर्षं उलट थंडच झालं, जवळपास अर्ध्या अंशाने.

आता माझा आवडता पुरावा. 1958 मध्ये हवाईच्या मौना लोआवर कीलिंगने मोजायला सुरुवात केली, तेव्हा हवेच्या दर दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 315 होते. आता 420 च्या वर आहेत. पण हे जादाचे आले कुठून? कार्बन-14 हा किरणोत्सारी प्रकार 5,730 वर्षांत निम्मा होतो. कोळसा कोट्यवधी वर्षं जुना, म्हणजे त्यात तो उरतच नाही. हवेत असा जुना कार्बन मिसळला, तर कार्बन-14 चं प्रमाण पातळ व्हायला हवं. हान्स सूस यांना 1955 मध्ये झाडांच्या लाकडात नेमकं हेच सापडलं. (पुढे अणुचाचण्यांनी कार्बन-14 वाढवून हिशोब बिघडवला, तो भाग वेगळा.)

कोणी म्हणेल, ज्वालामुखीच्या कार्बनमध्येही 14 नसतो. बरोबर! तिथे कार्बन-13 कामाला येतो. वनस्पतींना हलका कार्बन-12 जास्त पसंत, म्हणून त्यांच्यापासून बनलेल्या कोळशात आणि तेलात 13 कमी. ज्वालामुखीत तो तितका कमी नसतो. आणि हवेतलं 13 चं प्रमाण घटतंय. चोराच्या बोटांचे ठसेच म्हणा ना.

आणि साधा हिशोबही आहेच. आपण जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यातला साधारण अर्धाच हवेत उरतो. बाकीचा समुद्र आणि झाडं पितात. म्हणजे निसर्ग सध्या सोडतोय कमी, शोषतोय जास्त.

याचा अर्थ प्रत्येक कोरडा पावसाळा आपल्याच नावावर टाकायचा असा नाही हं. एल निनो होता, आहे आणि राहील. 1972 चा दुष्काळ एल निनोच्या वर्षातलाच.

शास्त्रज्ञांत खरा वाद वेगळाच आहे: कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर जग किती तापेल? आयपीसीसीचा 2021 चा अंदाज अडीच ते चार अंश. एवढी मोठी फट राहण्याचं मुख्य कारण म्हणजे ढग. ते कधी सावली धरतात, कधी गोधडी होतात.

ढगांवर पुढचा भाग करतोय. तोवर तो फॉरवर्ड आला, तर काकांना कार्बन-13 बद्दल विचारा. भेटूया!