कामाची वेळ आणि घराची वेळ
(मार्कंडा येथे दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



वैनगंगेच्या काठच्या या मार्कंड्यात आज आम्ही विश्रांतीबद्दल बोलणार आहोत. विषय ऐकून काहींना हसू येईल. पोटासाठी राबणाऱ्याला कसली विश्रांती? रोवणीत दिवसभर कंबर वाकलेली. मे महिन्यात पहाटेपासून तेंदूपाने तोडायची आणि 70-70 पानांची पुडकी बांधून फळीवर न्यायची. येथे काम सुटल्याचा भोंगा वाजत नाही. म्हणूनच हा विषय आपला आहे.

विश्रांती ही श्रीमंतांची चैन नव्हे. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: शक्ती पाहून काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारात शुश्रूषा करणे, गोडधोड वाटून खाणे आणि वेळेवर सुट्टी देणे. चालून चालून पाय रक्तबंबाळ झालेल्या सोण भिक्खूला तथागतांनी वीणेची आठवण करून दिली. तार अति ताणली तरी सूर लागत नाही, ढिली सोडली तरी लागत नाही. हाच मध्यम मार्ग होय.

परंतु हक्क आपोआप मिळत नाहीत. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री होते. 1946 च्या कायद्याने बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला 54 वरून 48 वर आले.

हा कायदा मात्र चुलीपर्यंत पोहोचला नाही. मजुरीवरून दोघेही थकून येतात. तो खाटेवर टेकतो, ती चूल पेटवते. तिची सुट्टी केव्हा?

आम्ही कार्यकर्तेही निर्दोष नाही. दिवसा नोकरी, रात्री सभा, रविवारी दौरे. समाजकार्य म्हणून ते अभिमानाने सांगतो. पण मुलाची वही उघडून पाहत नाही. घरातून तक्रार आली की रमाईच्या त्यागाचा दाखला देतो. रमाईने दारिद्र्य सोसले, मुलांचे मृत्यू सोसले. 27 मे 1935 रोजी ती माउली गेली. बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ तिला अर्पण करून तिचे ऋण मान्य केले. तिचे नाव घेऊन आपल्या घरच्या स्त्रीवर ओझे लादणे ही कृतज्ञता नव्हे.

16 ऑक्टोबर 1956 रोजी चंद्रपूरला बाबासाहेबांच्या उपस्थितीत आपल्या वडीलधाऱ्यांनी दीक्षा घेतली. सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा त्यांनी केली. ती समता आधी आपल्या उंबरठ्याच्या आत आली पाहिजे.

म्हणून आमची विनंती एवढीच. आठवड्यातील एक संध्याकाळ सभेला नव्हे, घराला द्या. त्या दिवशी चूल आणि पाणी पुरुषांनी सांभाळावे. विद्यार्थी मित्रहो, आपले ताट आपणच धुवा आणि आईला घटकाभर बसू द्या. समाजाचे काम त्याने अडणार नाही. उलट ते करणारे हात टिकतील.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय! जयभीम!