हिरवी मॅट आणि मनगटाची कळ

(१९९७ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला निरोप धाडला होता, "तू कॉम्प्युटरवाली, एआयवर बोल." एआयवर तुमची मुलं माझ्यापेक्षा बरं बोलतील. मी आज गोल्फवर बोलणार आहे. हसू नका. साखऱ्यात गोल्फ कुठून उगवलं, असं वाटणं साहजिक आहे, म्हणून आधीच सांगते की हे भाषण गोल्फचं कमी आणि मनगटाचं जास्त आहे. मनगटं मात्र इथे बसलेल्या प्रत्येकाला दोन-दोन आहेत.

आपण दहावीला होतो तेव्हा आपला जिल्हा परभणी होता. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला, तोवर आपण पांगलो होतो. त्या काळात मैदानावरचे आपले खेळ म्हणजे कबड्डी, खो-खो आणि विटीदांडू. आणि विटीदांडू खेळलेल्या माणसाला गोल्फ समजवायला दोन मिनिटं पुरतात. दांडूच्या जागी खाली लोखंडी पातं असलेली लांब काठी, तिला क्लब म्हणतात. विटीच्या जागी पांढरा टणक चेंडू, वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. विटी आपण आधी उडवायचो आणि मग टोला हाणायचो. इथे चेंडू जमिनीवर निवांत पडलेला असतो. तो कमीत कमी टोल्यांत दूरवरच्या १०८ मिलिमीटर व्यासाच्या भोकात घालायचा. अशी अठरा भोकं. झालं गोल्फ.

खेळ आपल्याकडे नवा नाही. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटनच्या बाहेरचा जगातला सर्वांत जुना. पुण्यात येरवड्याला मोठं मैदान आहे, मुंबईत चेंबूरला आहे. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला. त्याच ऑलिंपिकमध्ये बंगळुरूची अदिती अशोक चौथी आली. एका टोल्याने तिचं पदक हुकलं, त्या शनिवारी सकाळी गोल्फचा ग सुद्धा माहीत नसलेली माणसं टीव्हीसमोर बसली होती. आमच्या ऑफिसात गोल्फचं वेड शिरलं ते त्यानंतरच.

आता मैदानावर रोज सराव करणं आपल्यासारख्यांना परवडत नाही. शिवाय खऱ्या हिरवळीची एक अडचण असते. लोखंडी पात्याचा नीट बसलेला टोला आधी चेंडूला लागतो आणि मग पुढची जमीन खरवडतो, गवतासकट मातीचा एक पापुद्रा उडतो. एका माणसाने शंभर चेंडू मारले की तेवढी जागा नांगरल्यासारखी होते आणि गवत परत यायला आठवडे लागतात. म्हणून सरावाच्या ठिकाणी, ड्रायव्हिंग रेंजवर, बहुतेक ठिकाणी कृत्रिम गवताच्या मॅट अंथरलेल्या असतात. मला स्वतःला मॅट आवडते, ती एका वेगळ्याच कारणाने. तिला पाणी लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ते पाहिलेल्या मराठवाड्याच्या माणसाला गोल्फच्या मैदानावरचे फवारे बघताना पोटात कालवतं. ते असो.

मॅटचा दोष असा की ती खोटं बोलते. मातीवर क्लब चेंडूच्या मागे दोन बोटं पडला तर तो रुततो, चेंडू चार पावलं जाऊन थांबतो आणि आपली चूक आपल्याला तिथेच कळते. मॅटवर तोच चुकलेला क्लब रुतत नाही. तो प्लॅस्टिकच्या धाग्यांवर आपटतो, उसळतो, घसरत पुढे जातो आणि चेंडूला लागतो. चेंडू बऱ्यापैकी उडतो. मारणारा खूश. पण जमिनीने जो धक्का पोटात घ्यायचा तो मॅटखालचं काँक्रीट घेत नाही, परत पाठवतं. तो काठीतून वर चढतो आणि मनगटात, तिथून कोपरात जिरतो. चेंडू आणि पातं यांची गाठ सेकंदाचा दोन हजारावा भाग एवढीच पडते, त्यामुळे हात सैल सोडून धक्का चुकवू म्हटलं तर तेवढा वेळच नसतो.

हे मी तुम्हाला शिकवायला नको. तुमच्यापैकी निम्म्यांनी हळद काढली आहे. वाफसा असलेल्या रानात कुदळ घातली की ती गपकन आत जाते. वाळून कडक झालेल्या रानात तीच कुदळ घातली की हात कोपरापर्यंत झिणझिणतो. मनगटाच्या जोरावर कडक रान काढायला कोणी शहाणा शेतकरी जात नाही. तो काढणीआधी हलकं पाणी देतो, रान मऊ करून घेतो आणि मग कुदळ हातात घेतो. काँक्रीटवर अंथरलेली पातळ मॅट म्हणजे वरून हिरवं आणि खालून कधीच वाफशावर न येणारं रान. पुण्यामुंबईत लोक पैसे देऊन, तासाच्या हिशोबाने, त्या रानात कुदळ मारतात.

आमच्या ऑफिसजवळ एका इमारतीच्या गच्चीवर सरावाची जागा आहे. तिथे मी आठवड्यातून तीनदा जाऊ लागले. तिसऱ्या आठवड्यात डाव्या मनगटात, करंगळीच्या बाजूला कळ निघाली. दाराची मूठ फिरवताना, कुकरचं झाकण लावताना. मी जाणं थांबवलं आणि मॅट उचलून बघितली. खाली बोटभर सुद्धा जाडी नव्हती, थेट सिमेंट. चालवणाऱ्यांना विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, सवय होईल." सवय मॅटची होत नाही, दुखण्याची होते. फिजिओथेरपिस्टने महिनाभर विश्रांती सांगितली. माझं पोट कीबोर्डवर आहे, त्यामुळे तो महिना मला खेळापेक्षा पगाराची काळजी जास्त होती.

तिच्याकडूनच कळलं की उजव्या हाताने खेळणाऱ्याचं बहुधा डावं मनगट दुखतं, कारण टोल्याच्या वेळी तेच पुढे असतं आणि धक्का आधी तेच खातं. करंगळीच्या बाजूला दुखलं तर तिथली शिर, म्हणजे स्नायुबंध, सुजलेला असू शकतो. अंगठ्याच्या बाजूला दुखलं तर दुसराच. त्याची एक साधी खूण आहे, आत्ताच करून बघा. अंगठा तळहातात घ्या, वरून चार बोटांची मूठ मिटा, आणि मूठ हळूच करंगळीच्या दिशेने खाली वाकवा. जोर लावू नका. थोडा ताण सगळ्यांनाच जाणवतो. पण अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत सणकन कळ गेली तर ते डॉक्टरला दाखवायचं दुखणं आहे. तान्ही बाळं सतत उचलणाऱ्या आयांना, मोबाइलवर अंगठा चालवणाऱ्यांना, खुरपं धरणाऱ्यांना, कोणालाही ते होतं. (इथे तीन-चार जणींच्या तोंडून "आई गं" ऐकू आलं. त्या कोण, ते मी पाहून ठेवलं आहे.)

आणखी एक दुखणं लक्षात ठेवण्यासारखं आहे. तळहाताच्या मुळाशी, करंगळीच्या रेषेत हॅमेट नावाचं बारकं हाड असतं, त्याला आकड्यासारखं टोक असतं. काठीच्या मुठीचं टोक नेमकं तिथे टेकतं आणि कडक जमिनीवर क्लब आदळला तर तो आकडा मोडू शकतो. क्रिकेटची बॅट आणि टेनिसची रॅकेट धरणाऱ्यांनाही होतं. साध्या एक्स-रेत ते बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून तुमच्या मुलाचा तळहात तिथे आठवडे दुखत राहिला आणि एक्स-रे चांगला आला, तरी डॉक्टरांना तो बॅट खेळतो हे आवर्जून सांगा, ते गरज पडली तर सीटी स्कॅन करतील.

महिन्यानंतर मी पुन्हा सुरू केलं, जागा बदलून. आता कुठेही गेले की मॅटवर उभी राहून टाचेने दाबून बघते. खालचं सिमेंट टाचेला लागलं तर परत फिरते. चांगल्या मॅटखाली जाड फोम किंवा जेलचा थर असतो आणि धागे इतके दाट व लांब असतात की चेंडू ठेवायची लाकडी टी थेट त्यात खोचता येते. लोखंडी क्लबनेसुद्धा मी मॅटवर चेंडू टीवर किंचित उचलूनच मारते. जुने खेळाडू नाक मुरडतात, मैदानावर टी मिळणार नाही म्हणतात. खरं आहे, पण मैदानावर सिमेंटही नसतं.

मूठ आवळायची नाही. चिमणीचं पिल्लू धरल्यासारखी काठी धरायची, ती सुटू नये आणि पिल्लू गुदमरू नये. काठीवरचं रबर गुळगुळीत झालं असेल तर माणूस नकळत आवळतो, म्हणून ते वेळेवर बदलायचं. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं मनगटं फिरवायची, मग सर्वांत छोट्या क्लबने अर्धे टोले. तिथे शंभर चेंडूंची बादली देतात आणि पैसे भरलेत म्हणून सगळे ती संपवतात, ताटात वाढलेलं टाकू नये तशी. मी चाळीसवर थांबते, दर दहा चेंडूंनंतर काठी खाली ठेवते. उरलेला वेळ पटिंग, म्हणजे भोकाजवळचा चेंडू अलगद ढकलण्याचा सराव. बहात्तर टोल्यांच्या मैदानात हिशोबाने छत्तीस टोले पटिंगचेच धरलेले असतात. म्हणजे अर्धा खेळ मनगटाला एकही धक्का न देता शिकता येतो, आणि नेमका तोच कोणी शिकत नाही.

आणि मॅटचं खोटं पकडायला मी आपल्या शाळेतलीच वस्तू वापरते. खडू. मॅटवर खडूने आडवी रेघ ओढायची. चेंडू न ठेवता क्लब फिरवायचा आणि मग बघायचं, खडू कुठे पुसला गेला. रेघेवर किंवा पुढे पुसला तर बरोबर. रेघेच्या मागे मॅटवर ओरखडा दिसला तर क्लब आधी जमिनीला लागतोय, म्हणजे पुढचा धक्का आपलाच. तसंच चेंडूच्या मागे चार बोटांवर घडी घातलेला नॅपकिन ठेवायचा आणि त्याला न शिवता टोला मारायचा. चेंडू किती लांब गेला हे मी पहिल्या दहा टोल्यांत बघतच नाही. माझं लक्ष नॅपकिनवर.

काल रात्री आपल्या वर्गातली एक मैत्रीण माझ्याशेजारी झोपली होती. नाव घेत नाही, ती इथेच आहे. रात्री दोनदा उठून ती हात झटकत होती. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं, मुंग्या येतात, झटकलं की जातं. तीन वर्षं झाली." दिवसभर सोयाबीनची कापणी, मग भाकरी, मग म्हशी. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री बधिर होणं ही मनगटातली नस दबल्याची नेहमीची खूण आहे. ऑफिसात हे एखाद्याला झालं की दुसऱ्या दिवशी त्याला नवा कीबोर्ड, मनगटाला पट्टा आणि सुट्टी मिळते. तिला तीन वर्षं "कळ काढ" एवढंच मिळालं. पट्टा रात्री बांधून झोपलं तरी सुरुवातीच्या दुखण्यात पुष्कळ आराम पडतो. पण नस जास्त दिवस दबून राहिली की अंगठ्याच्या बुडाचा स्नायू झिजायला लागतो आणि तो भरून येणं अवघड. म्हणून मी तिला सकाळीच सांगितलं आहे, सोमवारी आपण दोघी हिंगोलीला हाडांच्या डॉक्टरांकडे जातोय. मी माझी सुट्टी मंगळवारपर्यंत वाढवली आहे. तिने अजून हो म्हटलेलं नाही. सर, तुम्ही एकदा रागावून सांगा, तुमचं ती ऐकते.

जेवणानंतर मैदानात या. गाडीत एक मॅट, दोन क्लब आणि प्लॅस्टिकचे दोन डझन पोकळ चेंडू आणले आहेत. मॅट मातीवरच अंथरायची आहे, व्हरांड्यात नाही. पहिला टोला पीटीचे सर मारतील, आणि ऑफिसच्या खिडक्यांकडे तोंड करून कोणीही उभं राहायचं नाही.