फादर डेमियनचा दिवस

कुणी लोकलमध्ये लटकत ऐकत असाल, कुणी भांडी घासता घासता. आज जरा लांब जायचंय, थेट प्रशांत महासागरात.

हवाई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? निळंशार पाणी, गळ्यात फुलांच्या माळा, कुणाच्या तरी हनिमूनचे रील्स. त्याच हवाईत मोलोकाई नावाचं एक बेट आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर समुद्रात जिभेसारखी घुसलेली एक सपाट जागा आहे, कलाउपापा. तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला दोन हजार फुटांच्या आसपास उंचीचा उभा कडा. सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी एखादा कडा डोळ्यांपुढे आणा, पण पायथ्याशी कोकण नाही, लगेच समुद्र. म्हणजे तुरुंगाला भिंत बांधायची गरजच नाही.

आणि तो तुरुंगच होता. हवाईत तेव्हा राजेशाही होती. बाहेरून आलेल्या रोगांनी तिथली माणसं पटापट मरत होती. १८६५ साली कायदा झाला की कुष्ठरोग झालेल्या माणसाला वेगळं काढायचं. जानेवारी १८६६ मध्ये पहिली माणसं बोटीनं तिथं आणून सोडली. बायकोपासून नवरा तोडला, आईपासून लेकरू. सरकारचा अंदाज असा की ही आजारी माणसं आपली आपण शेती करतील आणि पोट भरतील! कागदावर बसून योजना करणारे तेव्हाही होतेच.

१० मे १८७३ ला तिथं एक ३३ वर्षांचा बेल्जियन कॅथलिक धर्मगुरू उतरला. फादर डेमियन. गंमत म्हणजे हवाईला मुळात त्याचा थोरला भाऊ जाणार होता. तो आजारी पडला म्हणून हा निघाला. मोलोकाईला येण्याआधीची नऊ वर्षं त्यानं हवाईच्या मोठ्या बेटावर काढली होती. घोड्यावरून गावं पालथी घालायची आणि स्वतः लाकडं तासून छोटी छोटी चर्चेस उभी करायची. शेतकऱ्याच्या घरचा गडी, अंगानं दणकट. मूळ ठरलं होतं की चार धर्मगुरूंनी पाळीपाळीनं मोलोकाईला जायचं. डेमियनची पाळी पहिली आली, आणि मग तो तिथंच राहिला.

मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त कुतूहल आहे ते त्याच्या रोजच्या दिवसाचं. संत वगैरे तो नंतर झाला, २००९ मध्ये. पण मंगळवारी सकाळी उठून तो काय करायचा?

पहिले काही दिवस झोपायला घरच नव्हतं. चर्चशेजारी केवड्याच्या जातीचं एक झाड होतं, त्याखाली तो झोपला. सकाळी प्रार्थना, मग झोपड्याझोपड्यांतून फेरी. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. सडलेल्या जखमांचा वास इतका यायचा की त्यानं पाइप ओढायला सुरुवात केली, कपड्यांना तंबाखूचा तरी वास लागावा म्हणून. चर्चमध्ये बसलेल्यांना सारखं थुंकायला लागायचं. लाजून काही जण आत येईनात. यानं काय केलं? जमिनीच्या फळ्यांना भोकं पाडली. झाला प्रश्न निकालात! एवढा व्यवहारी मनुष्य मला मिशनऱ्यांच्या गोष्टींत फार कमी भेटलाय.

दुपारी सुतारकाम. आणि त्यातलं बरंचसं शवपेट्यांचं. तो येण्याआधी कित्येकांना पेटीशिवायच पुरलं जायचं. यानं शेकडो पेट्या केल्या, दफनभूमीला कुंपण घातलं. एका वादळात झोपड्या उडाल्यावर लाकूड मागवून घरं बांधायला घेतली. दरीतून नळानं पाणी आणण्याच्या मागे लागला. अनाथ पोरापोरींसाठी घरं काढली, गाणारे-वाजवणारे जमवले. संध्याकाळी जपमाळ घेऊन त्या दफनभूमीत फेऱ्या मारायचा.

इथं एक सांगायलाच हवं. हे सगळं त्यानं एकट्यानं केलं असं चित्र रंगवतात, ते मला पटत नाही. तिथं 'कोकुआ' होते, म्हणजे मदतनीस. स्वतःला काही झालेलं नसताना नवऱ्यामागे, बायकोमागे, मुलामागे त्या तुरुंगात राहायला गेलेली हवाईची साधी माणसं. घरं बांधायला, कबरी खणायला रुग्ण स्वतः होते. त्यांची नावं चर्चेत येत नाहीत. आणि डेमियन काही गोड स्वभावाचा नव्हता, बरं का. तापट, हट्टी. आरोग्य खात्याला पत्रांवर पत्रं लिहून लाकूड द्या, दूध द्या, कपडे द्या असा पिच्छा पुरवायचा. वरिष्ठ वैतागायचे.

आता खरा मुद्दा. स्पर्श.

जेवणात पोई असायची. पोई म्हणजे आपल्या अळूचेच कंद उकडून, कुटून केलेला लगदा. हवाईत तो एकाच भांड्यातून सगळे बोटांनी खातात. त्या भांड्यात हात घालायचा की नाही? ज्यांच्या बोटांना जखमा आहेत त्यांच्यासोबत? डेमियननं हात घातला. त्याचा पाइप ते ओढायचे.

याला काय म्हणायचं? धाडस की निष्काळजीपणा? मी बराच विचार केला. ज्या वर्षी तो तिथं उतरला त्याच १८७३ मध्ये नॉर्वेत हॅन्सन या डॉक्टरला कुष्ठरोगाचा जंतू दिसला. पण औषध नव्हतं. आज आपल्याकडे गोळ्या फुकट मिळतात, सहा महिने ते वर्षभरात माणूस बरा होतो, आणि बहुतेकांना हा रोग होतच नाही हेही कळलंय. तरी लहानपणी स्टेशनवर आम्ही लांबूनच नाणं टाकायचो, हे मी नाकारत नाही. आपल्या बाबा आमट्यांचंही तेच झालं होतं. पावसात पडलेला तुळशीराम पाहून ते आधी पळाले होते. मग स्वतःच्या भीतीची लाज वाटून परत आले. पुढे आनंदवन उभं राहिलं, आणि १९८३ मध्ये बाबांना जो आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्याचं नाव डेमियन-डटन.

डेमियनबद्दल एक कथा सांगतात की रोग झाल्यावर एका रविवारी त्यानं प्रवचनाची सुरुवात 'आपण कुष्ठरोगी' अशी केली आणि सगळं चर्च सुन्न झालं. सिनेमाला शोभेल असा प्रसंग! पण आल्यावर सहा महिन्यांतच त्यानं भावाला कळवलं होतं की मी प्रवचनात 'बंधूंनो' म्हणत नाही, 'आपण कुष्ठरोगी' म्हणतो. म्हणजे धडधाकट असतानाच.

त्याला खरी उणीव होती ती एकाच गोष्टीची. कॅथलिक धर्मगुरूलाही आपल्या चुका दुसऱ्या धर्मगुरूपाशी कबूल कराव्या लागतात. आणि इथं दुसरा होताच कुठं? एकदा त्याचे वरिष्ठ बोटीनं आले, पण कप्तानानं त्यांना उतरू दिलं नाही. डेमियन होडी वल्हवत बोटीपाशी गेला. त्यालाही वर येऊ देईनात. मग त्यानं खालूनच, होडीत उभं राहून, मोठ्यानं आपली पापं सांगितली. फ्रेंचमध्ये, निदान सगळ्यांना कळू नये म्हणून. वर डेकवर माणसं उभी. कल्पना करा. दिवसभर लोकांच्या कबुल्या ऐकणारा माणूस, आणि त्याची कबुली ही अशी.

डिसेंबर १८८४ मध्ये त्यानं दमलेले पाय गरम पाण्यात बुडवले. कातडीला फोड आले, पण दुखलं काहीच नाही. त्याला कळलं. त्यानं इतक्या पायांना पट्ट्या बांधल्या होत्या, दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती.

त्यानंतरही तो चार वर्षं काम करत राहिला. उलट घाईनं, कारण बरीच छपरं राहिली होती. १८८६ मध्ये जोसेफ डटन मदतीला आला, १८८८ मध्ये मदर मेरियन आणि त्यांच्या सिस्टर्स. म्हणजे सोबत मिळाली ती अगदी शेवटी. १५ एप्रिल १८८९ ला तो गेला, वय ४९. ज्या झाडाखाली पहिल्या रात्री झोपला होता, त्याच झाडाखाली त्याला पुरलं.

१९३६ मध्ये बेल्जियमनं त्याचे अवशेष मागून नेले. मोलोकाईच्या रुग्णांना ते फार लागलं. बरीच वर्षं गेली. १९९५ मध्ये त्याचा उजवा हात तेवढा परत आला, आणि लोकांनी तो जुन्या जागी पुरला.

चला, थांबतो. तुमच्या घरात कुणी कुष्ठरोग्यांसोबत काम केलं असेल तर मला जरूर कळवा, ऐकायला आवडेल.