खाऊ, खेळणे आणि जाहिरात
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आमचे सारे आयुष्य प्राथमिक शाळेत गेले. मॅट्रिकच्या पलीकडे आमचे शिक्षण नाही. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण करू नये. मुलांच्या सहवासात जे उमगले, त्याच्या आधारे तयार खाद्यपदार्थांच्या जाहिरातींविषयी चार शब्द आपणांपुढे ठेवीत आहोत.

गेल्या दिवाळीत आमच्या सहा वर्षांच्या नातवाने अशाच एका उपाहारगृहात जाण्याचा हट्ट धरला. आम्ही त्यास नेले. खाद्यासोबत मिळालेले खेळणे त्याने पोटाशी धरले; पदार्थ मात्र निम्मा टाकून दिला. तेव्हा आमचे डोळे उघडले. भूक पोटाची नव्हतीच!

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्स कंपनीच्या जाहिरातीत रोनाल्ड नावाचा विदूषक १९६३ साली अवतरला, आणि १९७९ पासून तेथे मुलांच्या जेवणासोबत खेळणे मिळू लागले. हळूहळू तो विदूषक मुलांना गोष्टीतील सवंगड्याइतकाच जवळचा झाला.

या प्रकाराविरुद्ध आवाज उठला नाही असे नाही. इंग्लंडमध्ये हेलन स्टील आणि डेव्ह मॉरिस या दोन सामान्य व्यक्तींवर, कंपनीवर टीका करणाऱ्या पत्रकाबद्दल, कंपनीने १९९० साली अब्रुनुकसानीचा दावा लावला. सरकारी कायदेशीर मदत न मिळाल्याने दोघांनी आपली बाजू स्वतःच मांडली. सुनावणी ३१३ दिवस चालली. १९९७ साली निकाल लागला. पत्रकातील कित्येक आरोप सिद्ध न झाल्याने दंड दोघांवरच बसला. परंतु जाहिरातींच्या द्वारे कंपनी मुलांचा गैरफायदा घेते, हा आरोप न्यायमूर्ती बेल यांनी खरा ठरविला. पुढे २००५ साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने, या दोघांना न्याय्य सुनावणी मिळाली नाही, असा निर्णय दिला.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को नगरीने २०१० साली, जे जेवण पोषणाच्या कसोटीस उतरेल त्याच्याच सोबत खेळणे फुकट द्यावे, असा नियम केला. तो अमलात येताच उपाहारगृहांनी खेळण्यास दहा सेंट आकारून पळवाट काढली. कायद्याचे हात किती तोकडे, हे यावरून दिसते.

आता एक कबुली. आम्हीही पाढे पाठ करविण्यासाठी मुलांना पेपरमिंटच्या गोळ्या दिल्या आहेत. मग आमच्यात आणि त्या विक्रेत्यात अंतर ते काय? या प्रश्नाने आम्हांस कित्येक रात्री झोप लागू दिली नाही. अखेर उत्तर सुचले ते असे : पाढे येऊ लागले की गोळीची गरज सरावी, हीच आमची इच्छा असे. विक्रेत्याची इच्छा मात्र ती गरज कधीही सरू नये, अशी असते.

म्हणून माताभगिनींना आमची विनंती आहे. मुलास केवळ 'नाही' म्हणून दटावू नका. त्याला जवळ बसवून विचारा, "बाळ, ही जाहिरात तुला काय दाखवते, आणि काय दाखवीत नाही?" त्याच्या हातून शेंगा सोलून घ्या, लाडू वळून घ्या. स्वतः वळलेला वाकडातिकडा लाडूही मूल आवडीने खाते, हा आमचा अनुभव आहे.

आमच्या नातवाने यंदा असे सात लाडू वळले. ते खेळणे कोठे पडले आहे, हे आता त्यालाही आठवत नाही.