लाइट असते, मोटार बंद पडते

भोर तालुक्यातल्या भोंगवलीसारख्या गावात पावसाळी वाऱ्यात दिवा क्षणभर डीम होतो, लगेच उजळतो आणि विहिरीवरची मोटार मात्र थांबलेली असते. वीज गेली, अशी नोंद कागदोपत्री कुठेच लागत नाही. बिघाड झालेला असतो, पण पुष्कळदा तो आपल्या लाइनवर नसतोच. गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीपंपांचा वेगळा, तरी दोन्ही उपकेंद्रातल्या एकाच बसबारवरून, म्हणजे सामायिक वाहकपट्टीवरून, निघतात. एकावर फांदी टेकली की तिकडे प्रचंड प्रवाह धावतो आणि ब्रेकर उघडेपर्यंत शेजारच्या फीडरांचाही दाब बसतो. २२ केव्हीच्या, २०० एमव्हीए शॉर्टसर्किट पातळीच्या उपकेंद्राचा ढोबळ हिशेब मांडला, तर ४ किलोमीटरवर तिन्ही फेज एकत्र आल्यास बसबारवरचा दाब निम्म्यावर येतो; १२ किलोमीटरवर आल्यास पाऊण उरतो. गावच्या डीपीतून उतरताना या घटीचे रूपही बदलते. वरच्या बाजूला एक फेज पूर्ण बसली, तर खाली दोन फेज ५८ टक्क्यांवर येतात आणि तिसरी शाबूत राहते. म्हणून एका घरात काहीच कळत नाही आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीचा स्टार्टर सुटतो.

वीज किती वेळा आणि किती वेळ गेली, एवढ्यावरच पुरवठ्याची विश्वासार्हता ठरवणे म्हणूनच अपुरे आहे. ब्रेकरने काम चोख केले, मग तक्रार कसली, असे कोणी म्हणेल. पण तो किती लवकर उघडला आणि फांद्या वेळेवर छाटल्या का, हे माणसाच्या हातात आहे. घरचा रिले असलेला स्टॅबिलायझर इथे कामाचा नाही; तो हलेपर्यंत ही घट येऊन गेलेली असते. शिवाय पुरवठा सावरताच ऑटोस्विचवरच्या, म्हणजे आपोआप सुरू होणाऱ्या मोटारी एकदम उठतात, प्रत्येक मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते आणि दाब पुन्हा बसतो. महावितरण ऑटोस्विच काढायला सांगते ते यासाठी. मात्र रात्रीच्या पाळीत अंधारातून विहिरीवर कोण जाणार, हा शेतकऱ्याचा प्रश्न खरा आहे. प्रत्येक मोटार वेगवेगळ्या विलंबाने सुरू करणारा टायमर दोघांचीही अडचण सोडवतो. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी विजेच्या गुणवत्तेला नावातच स्थान दिले आहे. आता ग्रामीण उपकेंद्रांतही प्रत्येक क्षणिक घट टिपली जावी आणि फीडरनिहाय जाहीर व्हावी. तोवर लाइट डीम झाल्याची तारीख आणि वेळ लिहून ठेवा आणि तक्रार अर्जाला जोडा.